आठ नंबरचं मॉडेल

आठ नंबरच्या मॉडेलला यंत्रानं शंभरातले एकाहत्तर गुण दिले, तेव्हा ऋतुजा डबा उघडत होती. झाकण हातातच राहिलं. शेजारच्या टेबलावरून मैत्री चाकाच्या खुर्चीसकट घरंगळत आली आणि तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

"ताई, हे बघ. बाकीच्या सातांना मिळून एकोणतीस. एकट्या आठला सेव्हंटी वन!"

"पुन्हा चालव."

"तीनदा चालवलं. तिसऱ्यांदा बहात्तर आले."

ऋतुजा पुण्यातल्या एका हवामान संस्थेत तीन वर्षांच्या करारावर काम करत होती. काम ऐकायला भारदस्त, पण सांगायला सोपं. सात देशांतल्या सात संस्थांनी आपापली हवामानाची मॉडेलं बनवली होती. त्यांना मे महिन्यापर्यंतची माहिती द्यायची आणि विचारायचं, बाबांनो, त्या वर्षी पावसाळ्यात पुण्याला किती मिलिमीटर पडेल? सातजण सात उत्तरं द्यायचे. मग गेल्या पंचेचाळीस वर्षांची उत्तरं प्रत्यक्ष पडलेल्या पावसाशी ताडून पाहायची, कुणाचं किती ऐकायचं हे मशीन लर्निंगच्या यंत्रानं शिकायचं आणि सगळ्यांचं मिळून एकच शहाणं उत्तर काढायचं. घरात सात वडीलधारी असली की कुणाचं किती मनावर घ्यायचं हे नवी सून वर्षभरात शिकते, त्यातलाच प्रकार. फक्त सुनेच्या या शिक्षणावर कुणी शोधनिबंध लिहीत नाही.

आता शास्त्रज्ञ झाले तरी माणसंच ती. पहिल्याच बैठकीत 'आमचं मॉडेल' आणि 'तुमचं मॉडेल' यावरून अशी जुंपली, की मानपानावरून रुसलेले व्याही बरे. तेव्हा प्रकल्पाच्या प्रमुख, नॉर्वेच्या डॉक्टर इंग्रिडबाई यांनी तोडगा काढला. नावं लावायचीच नाहीत. ज्यानं त्यानं आपल्या आकड्यांची फाइल एका सामाईक फोल्डरमध्ये टाकायची, तिला आपोआप नंबर मिळेल, आणि कुठला नंबर कुणाचा हे मेअखेरीस सगळे पुण्यात जमले की सर्वांसमक्ष उघड करायचं. तोवर कुणी कुणाला विचारायचं नाही. जपानची मंडळी 'जमलं तर' आणखी एक मॉडेल पाठवणार होती. त्यामुळे फोल्डरमध्ये आठवी फाइल दिसली तेव्हा सगळ्यांनी मनातल्या मनात जपानला हात जोडले आणि विचारलं मात्र कुणीच नाही.

ऋतुजाचे साहेब डॉक्टर सलिल चष्मा कपाळावर चढवून आले. कौतुकसुद्धा तक्रारीच्या सुरात करायची त्यांची पद्धत होती. त्यांनी आकडे वरून खाली वाचले, खालून वर वाचले.

"वाईट नाही," ते म्हणाले. मैत्रीनं टेबलाखालून ऋतुजाला चिमटा काढला. सरांच्या तोंडून 'वाईट नाही' निघणं म्हणजे इतरांच्या तोंडून टाळ्यांचा कडकडाट निघण्यासारखं होतं. "चूक निम्म्यावर आली की. ऋतुजा, तुझा करार कधी संपतो?"

"एकतीस मेला, सर."

"मग पुण्याच्या बैठकीत हे तूच मांड. दुसरा टप्पा मंजूर झाला की तुझं नाव पर्मनंटसाठी पाठवतो. नाही झाला, तर घरी बसून वाचनाला भरपूर वेळ मिळेल. आपल्या दोघांनाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी चक्क कात्रज डेअरीचे पेढे आणले. इंग्रिडबाईंचं पत्र आलं, त्यात उद्गारचिन्हंच सहा होती. नॉर्वेचा माणूस एरवी वर्षाला एक वापरतो म्हणतात. जपानी मंडळींनीही 'अभिनंदन' एवढंच लिहिलं. कुणाचं ते लिहिलं नाही. आपण विनयी आहोत असं त्यांना वाटत होतं आणि ते विनयी आहेत असं पुण्याला वाटत होतं.

चौथ्या दिवशी मैत्रीनं एक शंका काढली. आठ नंबरच्या फाइलमध्ये १९९३ साल कोरं होतं. सरांनी शंका हवेतच झेलली. दोन वर्षं आधी फिलिपिन्सकडे मोठा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेमुळे मॉडेलचं गणित त्या वर्षी कोलमडलं असणार, आणि खोटं उत्तर देण्यापेक्षा मॉडेलनं मौन पाळलं, ही त्याची बौद्धिक सचोटी, असा अर्ध्या पानाचा खुलासा त्यांनी लिहूनही काढला. तो तपासायला ऋतुजाकडे आला.

"१९९३ या वर्षी..." एवढं वाचलं आणि ऋतुजानं कागद खाली ठेवला.

त्र्याण्णव साली कोण गप्प बसलं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. कारण त्र्याण्णव साली तिचे सासरे आप्पासाहेब ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांना आभाळाकडे बघायला सवड नव्हती.

ऋतुजाचं माहेर कसबा पेठेतलं आणि सासर हडपसरच्या गाडीतळापासून आत. एकेकाळचं ते गाव शहरानं कधी गिळलं ते गावालाही कळलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या उसाच्या जागी आता काचेच्या इमारती होत्या, पण शेतीखात्यानं कधीतरी दिलेलं पर्जन्यमापक त्यांनी सोडलं नव्हतं. ते घराच्या गच्चीवर सोलरच्या टाक्यांमध्ये मानानं उभं होतं. शेजारी खुर्ची, खुर्चीवर आप्पा आणि मांडीवर वही. वही एकोणऐंशी सालापासूनची. तिच्यात दोन रकाने. डावीकडे 'अंदाज' आणि उजवीकडे 'पडलेला पाऊस'.

"सूनबाई, तू हवामानाची डॉक्टर," आप्पा दर रविवारी म्हणायचे. "आन् माजी वही अजून कॉम्पुटरात न्हाय. लोकं काय म्हणतील?"

येत्या दिवाळीत आप्पांची पंचाहत्तरी होती. वहीची सुबक छापील प्रत करून द्यावी, या भल्या विचारानं ऋतुजानं दोन रविवार बसून ती टाइप केली होती. त्यावरही आप्पांच्या सूचना होत्या. पावसाचा रकाना लाल चौकटीत आणि मोठ्या अक्षरात हवा. तो तिनं साध्या पानावर केला. अंदाजाच्या रकान्याचं एवढं काही नव्हतं, तेव्हा ऑफिसच्या लॅपटॉपवर वर्ष आणि मिलिमीटर असा आयता तक्ता होता तोच तिनं वापरला. टाइप करताना अंदाजाच्या बाजूचा कागद इतका झिजला होता, की मागच्या पानावरचे आकडे पुढे दिसायचे. जुनी वही, म्हणून तिनं फार मनावर घेतलं नव्हतं.

तो तक्ता प्रकल्पाचा होता. त्यात काहीही लिहून जतन केलं की ते मुकाट्यानं सामाईक फोल्डरमध्ये जाऊन बसत होतं आणि नंबर घेत होतं.

तिनं फाइल उघडून पाहिली. १९७९ ला ४१०. १९८३ ला ६२५. टाइप करताना तिच्याच हातून पंच्याऐंशी साली शून्य राहिलं होतं आणि मग तिनं ते घातलं होतं, तेसुद्धा जिथल्या तिथं. जगातल्या सात महासंगणकांना मागे टाकणारं मॉडेल गच्चीवर टोपी काढून टक्कल पुसत बसलेलं होतं.

ती तशीच उठून सरांच्या खोलीत गेली. सर फोनवर होते. त्यांनी हातानंच 'बस' म्हटलं आणि फोनमध्ये म्हणाले, "नाही हो डायरेक्टरसाहेब, शंभर टक्के खात्री आहे. माझ्या नावावर सांगा." ऋतुजा बसलीच नाही. उद्या सांगू, असं म्हणून परत फिरली. उद्याच्या दिवशी सर दिल्लीला होते. परवा तिलाच धीर झाला नाही. ती काही लबाड नव्हती, पण एकतीस मे रोज एकेका दिवसानं जवळ येत होता आणि नवऱ्याच्या, रविराजच्या, एकट्याच्या पगारावर घराचा हप्ता भरायचा विचार तिला झोपेतून उठवत होता.

शेवटी तिनं रविराजला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजत सगळं सांगितलं. रविराज खरबूज कापत होता. तो आधी हसला. मग बायकोचा चेहरा पाहून थांबला.

"म्हणजे आप्पा फर्स्ट आले?"

"हळू बोल!"

"सात देशांत?"

"रविराज, हे हसण्यावारी नाहीये. माझी नोकरी जाईल. नाव जाईल ते वेगळंच."

"जाईल कशी? आप्पांचे अंदाज बरोबर निघाले हे तर खरंय ना? कॉम्प्युटरनेच सांगितलंय."

हे तर ऋतुजालाही पटत होतं. यंत्राला नातंगोतं कळत नाही. त्यानं आकडे पाहिले आणि गुण दिले. आपले सासरे खरंच एवढे जाणते असतील तर? या विचारानं तिला जरा बरं वाटलं आणि तेवढ्यात दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. आप्पा पाणी प्यायला आले होते. पाणी न पिताच ते परत गेले, पण त्यांची चाल बदललेली होती.

हडपसरच्या माणसाला बातमी कळणं आणि तिचा फ्लेक्स लागणं यांत फार तर दीड दिवस जातो. इथे एकच दिवस गेला. चौकात पंधरा फुटी फ्लेक्स उभा राहिला. त्यावर फेटा बांधलेले, काळा गॉगल लावलेले आप्पा, पाठीमागे पृथ्वी, पृथ्वीवर उपग्रह, आणि खाली मजकूर: 'आंतरराष्ट्रीय हवामान स्पर्धेत सात देशांना धूळ चारून प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल आमचे मार्गदर्शक आप्पासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ व गच्चीकट्टा मित्रमंडळ.' कोपऱ्यात शुभेच्छुकांचे अठरा चेहरे. त्यातल्या अकरांनी पाऊस मोजलेला नव्हता, बाकीच्यांनी बहुधा पाहिला होता.

"आप्पा, तो उतरवा हो," ऋतुजा काकुळतीला आली. "माझ्यासाठी."

"आगं, मी कुठं लावलाय? पोरांची हौस. हौसंला मोल न्हाय." असं म्हणताना त्यांनी मिशीवरून दोनदा हात फिरवला.

सासूबाई मुक्ताबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् ह्यो गॉगल कुणाचा घातला व्हता?"

नशीब असं, की परदेशी पाहुण्यांची उतरायची सोय हडपसरच्याच बाजूला केली होती. सत्तावीस तारखेला इंग्रिडबाई आल्या आणि अठ्ठावीसला सकाळी गाडीतून संस्थेत येताना चौकात सिग्नलला पावणेदोन मिनिटं थांबल्या. पुण्यात सिग्नलला थांबलेल्या माणसाला फ्लेक्स बघण्यावाचून गत्यंतर नसतं. त्यांना उपग्रह ओळखू आला. पृथ्वीही ओळखू आली. त्यांनी फोटो काढला आणि संस्थेत पोचल्या पोचल्या सलिल सरांसमोर तो ऋतुजापुढे धरला.

"हे कुणी मोठे हवामानतज्ज्ञ आहेत का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

सरांनी चष्मा खाली घेऊन मजकूर वाचला. 'सात देशांना' इथे ते अडखळले. मग त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. आता उद्या शिल्लक राहिला नव्हता.

"सर," ऋतुजा म्हणाली, "आठ नंबरचं मॉडेल माझे सासरे आहेत."

सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"कुठल्या संस्थेत असतात?" सरांनी विचारलं.

"गच्चीवर."

मग तिनं सगळं सांगितलं. तक्ता, वही, पंचाहत्तरी आणि त्र्याण्णवची निवडणूक. सरांनी आपला ज्वालामुखीवरचा अर्ध्या पानाचा खुलासा हळूच उपडा करून ठेवला. ऋतुजाला वाटलं, आता हाकलतील. पण झालं भलतंच. इंग्रिडबाईंचे डोळे लकाकले. पंचेचाळीस वर्षं, एका माणसानं, एकाच गच्चीवरून, केवळ निरीक्षणावर, सात महासंगणकांना हरवलं? ही चूक नाही, हा शोध आहे, असं त्या म्हणाल्या आणि टिपणाची वही घेऊन उभ्या राहिल्या. आत्ताच्या आत्ता त्यांना भेटायचं. सरांचाही रंग पालटला.

"तसं मला सुरुवातीपासून वाटतच होतं," ते म्हणाले. "ज्वालामुखी जरा ओढूनताणून होता."

दुपारी तिघं हडपसरला पोचली. आप्पा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तयारच होते. मुलाखत गच्चीवर पर्जन्यमापकाशेजारी झाली. बाई इंग्रजीत विचारायच्या, ऋतुजा मराठीत सांगायची, आप्पा बोलायचे, ऋतुजा पुन्हा इंग्रजीत. वाऱ्याची दिशा, मुंग्यांची अंडी, टिटवीनं अंडी कुठं घातली, दिवेघाटावर ढग कसा बसतो, आप्पांनी सगळं सांगितलं. बाईंची वही भरत चालली. सर तर 'ढगाची बैठक' असा नवा घटक मॉडेलमध्ये घालता येईल का ते पुटपुटत होते. ऋतुजाला आप्पांचा अभिमान वाटू लागला. आपण उगाच घाबरलो, असंही वाटलं. नोकरी तर राहीलच, वर हा सगळा प्रकल्प घरात येईल.

शेवटी बाईंनी खरा प्रश्न विचारला. "यंदा किती पडेल?"

आप्पांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी घातली.

"यंदाचं आसं हाय," ते म्हणाले, "घाईनं सांगन्यात अर्थ न्हाय."

"आप्पासाहेब, आज अठ्ठावीस मे," सर नम्रपणे म्हणाले. "आमच्या सातही मॉडेलांनी सांगून झालंय."

"त्यांना घाई आसंल."

"अंदाजे सांगा की. पाचशे? सहाशे?"

"ह्या दोहोंच्या मदी कुठंतरी. किंवा भायेर."

एवढ्यात मुक्ताबाई पोह्यांच्या बशा घेऊन वर आल्या. त्यांनी पहिली बशी पाहुणीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एवढी घाई कशाला करताय त्यांना? नवरात्र बसू द्या. मग सांगतील. बराबर सांगतील."

"नवरात्र?" सरांचा चमचा थांबला. "अहो, तोवर पावसाळा संपतो."

"मग? संपल्याबिगर कसं सांगणार?" मुक्ताबाईंना त्यात काही वावगं दिसेना. "जूनमदी पेन्शिलीनं लिवायचं. पाऊस गेला की खोडरबर घ्यायचं. बरं, अगदी तंतोतंत बी लिवायचं न्हाय, धा-वीस इकडंतिकडं ठिवायचं, म्हंजी खरं वाटतंय. पंचेचाळीस वर्सं रबराचा चुरा मीच झाडतीय."

ऋतुजाला झिजलेला कागद आठवला. पावसाचा रकाना शाईनं आणि अंदाजाचा पेन्सिलीनं होता, हेही आठवलं. एवढं डोळ्यांसमोर असून तिला दिसलं नव्हतं. यंत्राचंही काही चुकलं नव्हतं. उत्तरपत्रिका पाहून लिहिणाऱ्या मुलालाच त्यानं पहिला नंबर दिला होता.

"खोडत न्हाय मी," आप्पा बारीक आवाजात म्हणाले. "सुधारतो. अंदाज अनुभवानं सुधारायचा आसतो."

इंग्रिडबाई हातात बशी घेऊन भाषांतराची वाट पाहत होत्या. सर ऋतुजाकडे कलले आणि ओठ न हलवता म्हणाले, "परवा बैठक आहे. हे एवढं भाषांतर नाही केलंस तरी चालण्यासारखं आहे."

चालण्यासारखं होतं खरं. मुक्ताबाई पाहुणीला आणखी पोहे घ्यायला सांगतायत, असं म्हणणं एका वाक्याचं काम होतं. दुसरा टप्पा मंजूर झाला असता, करार वाढला असता, आप्पांचा फ्लेक्स दिवाळीपर्यंत राहिला असता. ऋतुजानं आप्पांकडे पाहिलं. ते पर्जन्यमापकाचं झाकण विनाकारण पुसत होते. तिला त्यांची फार दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त. पण कसब्यात वाढलेल्या मुलीला एकवेळ उपाशी राहता येतं, चुकीचं वाक्य तसंच सोडता येत नाही.

तिनं भाषांतर केलं. पेन्सिल, नवरात्र, दहा-वीस इकडेतिकडे आणि रबराचा चुरासुद्धा.

बाईंनी बशी खाली ठेवली. आप्पांच्या वहीचं पान उन्हासमोर धरलं. अंदाजाच्या रकान्यातून पलीकडची सोलरची टाकी दिसली. बाईंचा चेहरा लाल झाला. तो रागानं की हसण्यानं, हे नॉर्वेच्या चेहऱ्यावरून कळेना.

मुक्ताबाईंना मात्र एक गोष्ट उमगली नव्हती. "आगं ऋतुजा, बाईंना इचार," त्या म्हणाल्या, "ते बाकीचे सात हायेत, त्यांच्या घरी चुरा कोन झाडतं?"

"आई, ती मोठमोठी यंत्रं आहेत. ती खोडत नाहीत."

"यंत्राला हात न्हाईत. चालवनाऱ्याला हायेत ना? तू इचार तर खरं."

ऋतुजानं ओशाळून विचारलं. तिला वाटलं बाई हसतील. बाई हसल्या नाहीत. त्या घोटभर पाणी प्यायल्या, 'एक मिनिट' म्हणाल्या आणि टाक्यांच्या पलीकडे जाऊन आपल्या देशात फोन लावला. एका मिनिटाची वीस मिनिटं झाली. परत आल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

"फेब्रुवारीत आमच्याकडच्या काही लोकांनी मॉडेल जरा... जुळवून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "प्रत्यक्ष पाऊस बघून. आम्ही त्याला कॅलिब्रेशन म्हणतो."

"काय म्हनत्यात?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"रबर," ऋतुजा म्हणाली.

परवाच्या बैठकीत नंबर उघड करायचे होते, ते राहूनच गेले. इंग्रिडबाईंनी उभं राहून आधी आपल्या मॉडेलची कबुली दिली आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: खरा पाऊस बघितल्यानंतर तुम्ही आपल्या आकड्यांना शेवटचा हात कधी लावला? चहाच्या सुट्टीनंतर तीन संस्थांनी तांत्रिक कारणास्तव आपापल्या फाइली मागे घेतल्या. जपानी मंडळींनी आपलं आठवं मॉडेल जमलंच नव्हतं, असं शांतपणे सांगितलं. ऋतुजानं आपलं भाषण बदलून आपल्याच चुकीवर केलं. आठ नंबर कुणाचा, तो कसा शिरला आणि यंत्र त्याच्यावर का भाळलं, हे सगळं तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. भाषण संपल्यावर क्षणभर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अर्धे लोक आपापल्या फाइलींचा विचार करत होते.

दुसरा टप्पा मंजूर झाला, तो याच कामासाठी. यापुढे कुठलंही मॉडेल यंत्राला जोडण्याआधी त्यात मागाहून काही खोडाखोड झाली आहे का, हे तपासायचं. त्या तपासणीला कागदोपत्री दीड ओळीचं नाव आहे. पण गटात सगळे, अगदी नॉर्वेवालेसुद्धा, तिला 'मुक्ताबाई टेस्ट' म्हणतात. तिची जबाबदारी ऋतुजाकडे आली आणि तिचं नाव पर्मनंटसाठी गेलं. अर्जावर सरांनी शेरा मारला: 'काम वाईट नाही.'

घरी आप्पा दोन दिवस गच्चीवर गेले नाहीत. फ्लेक्स त्यांनी स्वतः उभं राहून उतरवला. तो आता रविराजच्या गाडीवर झाकायला होता. गाडीच्या टपावर गॉगल घातलेले आप्पा उताणे पडून आभाळाकडे पाहत असत. ऋतुजाला ते बघवेना. ती चहा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"रागावलात, आप्पा?"

"तुज्यावर कशाला?" आप्पा म्हणाले. "पैल्या वर्षी अंदाज लिवला, तो सपशेल चुकला. माजा बा समद्या पारावर हसला. तवापासनं रबर घेतलं, ते सुटलंच न्हाय."

"पण पावसाचा रकाना? तो तर शाईनं आहे. मी टाइप केलाय, एक खाडाखोड नाही त्यात."

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काहीतरी अभद्र विचारलं होतं. "पडलेला पाऊस कसा खोडायचा? तो त्याचा. अंदाज तेवढा आपला."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चहात साखर कमी आहे का विचारून ते लपवलं.

एक जूनला सकाळी मुक्ताबाईंनी वही, नवं कोरं बॉलपेन आणि चहा असं सगळं गच्चीवर नेऊन दिलं. खोडरबर त्यांनी आदल्या दिवशीच डाळीच्या डब्यात टाकून ठेवलं होतं.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आन् शाईनं लिवा. बघू द्या तर जगाला."

आप्पांनी पेन उघडलं, डाव्या रकान्यावर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. चहा निवला. आप्पांनी ढगांकडे पाहिलं, मुंग्यांकडे पाहिलं, आणि शेवटी कपडे वाळत घालणाऱ्या सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई," ते अगदी सहज म्हणाले, "तुज्या यंत्राचा आकडा काय आला गं यंदा? आपलं म्हायतीसाठी."

ऋतुजा उत्तर देणार तोच तिचा फोन वाजला. सलिल सर होते.

"आपला आकडा आज पाठवायचा आहे," सर म्हणाले. "यंत्र चारशेपासून आठशेपर्यंत काहीही म्हणतंय. मी जरा थांबवून ठेवलंय." मग घसा साफ केल्याचा आवाज आला. "सहज विचारतो हं, तुझ्या सासऱ्यांनी काय लिहिलं?"

ऋतुजानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा पेन सरसावून तिच्याकडे बघत होते.

"लिहितायत, सर," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच थांबलेत."